बिनचूक यंत्र, चुकलेली वाट

विमान वाट चुकले असे ऐकले, की सामान्य माणसाच्या मनात प्रथम शंका येते ती यंत्राच्या बिघाडाची किंवा हवामानाच्या कोपाची. काही वेळा ती खरीही असते. परंतु वाट चुकलेल्या विमानांच्या हकिकती बारकाईने पाहिल्या, तर त्यांतील कित्येक विमानांची यंत्रे शेवटच्या क्षणापर्यंत धडधाकट होती असे आढळून येते. त्यांना जे विचारले गेले, त्याचे उत्तर त्यांनी बिनचूक दिले. चूक झाली होती ती प्रश्न विचारण्यात. पुण्यास जावयाचे असता एखाद्याने घाईत नागपूरच्या गाडीत बसावे आणि त्या गाडीने त्याला वेळेवर, कुठेही न अडखळता नागपुरास पोचवावे, तशातला हा प्रकार. गाडीतल्या प्रवाशाला निदान पुढच्या स्टेशनाची पाटी वाचता येते. आकाशात पाट्या नसतात.

मोठ्या प्रवासी विमानात दोन वैमानिक शेजारी शेजारी बसतात आणि एकाने यंत्र जुळविले, तर दुसऱ्याने ते पडताळून पाहावे असा दंडक असतो. लहान खाजगी विमानाची गोष्ट निराळी. चार आसनांच्या सेसना किंवा पायपर विमानात चालविणारा बहुधा एकटाच असतो. तोच सारथी, तोच वाटाड्या आणि रेडिओवरून नियंत्रकाशी बोलणाराही तोच. दिशादर्शक जायरो, उच्चतामापक, रेडिओच्या वारंवारता, आकाशवाटेचा अंश, उपग्रहांवर चालणाऱ्या जीपीएस यंत्रातील गंतव्य स्थान, अशा अनेक गोष्टी त्याला स्वतःच्या हाताने जुळवाव्या लागतात. त्यांपैकी एखादी चुकीची जुळविली गेली, तर घंटा वाजत नाही, लाल दिवा लागत नाही. काटा आपल्या जागी शांतपणे स्थिर राहतो. आणि काट्याची ती स्थिरताच वैमानिकाला फसविते.

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध हकिकत थोडी गमतीची आहे. १७ जुलै १९३८ रोजी डग्लस कॉरिगन नावाचा अमेरिकन वैमानिक आपले जुने, एक इंजिनाचे विमान घेऊन न्यूयॉर्कहून निघाला. जावयाचे होते पश्चिमेस, कॅलिफोर्नियाला. अठ्ठावीस तासांनी तो उतरला तो अटलांटिक महासागर ओलांडून आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळ. ढगांमुळे खालचे दिसले नाही आणि होकायंत्राच्या काट्याचे भलतेच टोक आपण धरून चाललो, असा खुलासा त्याने केला. याच उड्डाणाची परवानगी त्याला पूर्वी वारंवार नाकारण्यात आली होती, त्यामुळे या खुलाशावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. परंतु त्याने तो जन्मभर सोडला नाही. सबब खोटी असेल, पण ती अशक्य कोटीतील नव्हती. वैमानिकांनी ती ऐकून हसण्यावारी नेली याचे कारण अशी चूक खरोखर कशी होते हे त्यांना ठाऊक होते.

दुसरी हकिकत मात्र हसण्यासारखी नाही. ३ सप्टेंबर १९८९ रोजी ब्राझील देशातील माराबा या गावाहून बेलेम या शहराकडे वारिग कंपनीचे बोइंग ७३७ जातीचे विमान संध्याकाळच्या सुमारास निघाले. वाट पाऊण तासाची आणि दिशा जवळजवळ उत्तरेची, उत्तरेपासून किंचित पूर्वेकडे झुकलेली, म्हणजे २७ अंशांची. उड्डाणाच्या छापील आराखड्यात ही दिशा चार आकड्यांत दिलेली होती: ०२७०. शेवटचे शून्य हे दशांशाचे, म्हणजे २७ पूर्णांक शून्य दशांश. विमानातील खिडकीत आकडे तीनच मावत. कॅप्टनने पहिले शून्य सोडून २७० हा आकडा जुळविला. २७० अंश म्हणजे थेट पश्चिम. सहवैमानिक बाहेर विमानाची पाहणी करून परतला आणि त्याने आपल्या बाजूचे यंत्र आराखडा न पाहता कॅप्टनच्या यंत्रावरून जुळविले. दोन यंत्रे एकमेकांशी जुळली. वाटेशी मात्र त्यांपैकी एकही जुळत नव्हते. मावळता सूर्य डाव्या बाजूस असावयास हवा होता, तो समोर होता. बेलेमचे दिवे दिसेनात तेव्हाही शंका घेतली गेली ती प्रथम इतर गोष्टींविषयी. तीन तासांहून अधिक काळ भटकून, इंधन संपल्यावर, रात्रीच्या अंधारात ते विमान ॲमेझॉनच्या अरण्यात झाडांवर उतरविले गेले. चोपन्न जणांपैकी बहुसंख्य वाचले ही वैमानिकाच्या हाताची कुशलता. काहींचे प्राण मात्र त्या एका आकड्यापायी गेले.

विमान मोठे होते, पण चूक लहान विमानातील एकट्या वैमानिकाकडून होणारीच होती. शिवाय एकाने दुसऱ्याची नक्कल केली म्हणजे तपासणी झाली असे नव्हे, हेही या घटनेत स्पष्ट दिसते. एकट्या वैमानिकाने आपणच जुळविलेल्या आकड्याकडे पुन्हा पाहणे हीदेखील एक प्रकारची नक्कलच होय. डोळा जे पाहावयाचे ठरवितो, तेच त्याला दिसते. पडताळा घ्यावयाचा तर तो त्या यंत्राशी संबंध नसलेल्या दुसऱ्या एखाद्या साक्षीदाराकडून घेतला पाहिजे. मग तो सूर्य असो, घड्याळ असो, खालची नदी असो किंवा कानावर पडणारा संकेत असो.

महाराष्ट्रातील एक उदाहरण घेऊन हे पाहता येईल. बारामती आणि धुळे या दोन्ही ठिकाणी विमानविद्येचे शिक्षण देण्यात येत आले आहे. बारामतीहून धुळ्यास जाणारी सरळ रेषा जवळजवळ उत्तरेकडे जाते. दिशा सुमारे तीन अंश, अंतर सुमारे १६० सागरी मैल. ताशी शंभर सागरी मैल वेगाने, वारा नसल्यास, दीड तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. अर्ध्या तासाच्या सुमारास अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, उजव्या हातास सहा मैलांवर दिसले पाहिजे. पंचावन्न मिनिटांच्या सुमारास पुणतांब्याच्या आसपास गोदावरी पायाखालून गेली पाहिजे.

आता या विमानात दिशा दाखविणारी दोन साधने असतात. पहिले होकायंत्र. ते पृथ्वीच्या चुंबकत्वावर चालते आणि म्हणून खरे बोलते, परंतु विमान वळू लागले किंवा वेग बदलला, की डोलू लागते आणि त्या वेळी त्याचे काही ऐकण्यात अर्थ नसतो. दुसरे साधन जायरो. भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारे हे यंत्र वळणातही स्थिर राहते, त्यामुळे वैमानिकाचे डोळे सर्वकाळ त्याच्यावरच असतात. पण साध्या जायरोला उत्तर कुठे आहे हे मुळीच ठाऊक नसते. निघताना वैमानिक होकायंत्र पाहून त्याला जे सांगेल, ते तो धरून ठेवतो; आणि तेही फार वेळ नव्हे. खाली पृथ्वी फिरत असते. तिच्या या फिरण्यामुळे महाराष्ट्राच्या अक्षांशावर जायरो तासाला सुमारे पाच अंश सरकतो, आणि यंत्रातील घर्षणाने त्यात कमीअधिक भर पडते. काही यंत्रांत विशिष्ट अक्षांशासाठी याची भरपाई केलेली असते, तरी तिच्यावर सर्वस्वी विसंबून चालत नाही. म्हणून दर पंधरा मिनिटांनी, विमान सरळ, समतल आणि एका वेगाने चालले असता, होकायंत्र पाहून जायरो पुन्हा जुळवून घ्यावा, असा पाठ पहिल्या धड्यापासून दिला जातो.

समजा, निघताना घाईत जायरो दहा अंशांनी चुकीचा जुळविला गेला आणि विमान तीनऐवजी तेरा अंशांवर चालले. साठ मैल गेल्यावर एक अंशाच्या चुकीने सुमारे एक मैलाचे अंतर पडते, हा वैमानिकांचा तोंडी हिशेब आहे. त्याप्रमाणे अर्ध्या तासात, बावन्न मैलांवर, विमान नऊ मैल उजवीकडे सरकलेले असेल. म्हणजे जे अहिल्यानगर उजवीकडे सहा मैलांवर दिसावयाचे, ते डावीकडे तीन मैलांवर दिसेल. शहर तेच, वेळ तीच. फक्त बाजू बदललेली. नकाशावर आधीच खूण करून ठेवणारा वैमानिक येथेच थांबून विचार करील. ज्याने ती केलेली नाही तो शहर दिसले याच आनंदात पुढे जाईल आणि दीड तासानंतर धुळ्यापासून अठ्ठावीस मैल, म्हणजे पन्नास किलोमीटरहून अधिक, पूर्वेला भलत्याच मुलखावर धुळ्याची धावपट्टी शोधू लागेल. पडलेला फरक वाऱ्याच्या माथी मारण्याचा मोह अशा वेळी फार होतो. वारा पुष्कळदा निर्दोष असतो.

ही चूक जमिनीवरच पकडण्याचा एक फुकटचा उपाय आहे आणि तो धावपट्टीवरच लिहिलेला असतो. धावपट्टीचा क्रमांक हा तिच्या चुंबकीय दिशेचा दहावा भाग. ०९ क्रमांकाच्या पट्टीवर विमान उभे केले, की होकायंत्र आणि जायरो या दोघांनीही नव्वदच्या आसपास बोलावयास हवे. उड्डाणापूर्वीच्या या दोन सेकंदांच्या पाहणीने जेवढा उपयोग होतो, तेवढा नंतरच्या तासाभराच्या चिंतेने होत नाही. तथापि एकट्या दिशेची साक्षही नेहमी पुरी पडत नाही. मुंबईत सांताक्रूझ आणि जुहू ही दोन विमानतळे हाकेच्या अंतरावर असून दोहोंच्या पूर्वपश्चिम धावपट्ट्यांच्या दिशा जवळजवळ सारख्या आहेत. १९५३ साली ब्रिटिश कंपनीचे एक कॉमेट जेट आणि १९७२ साली जपानी कंपनीचे एक डीसी-८ विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरले. होकायंत्राला या दोन पट्ट्यांतील भेद ठळकपणे कळण्यासारखा नव्हता; तो सांगण्यास दुसराच साक्षीदार हवा होता.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरकाविषयीही येथेच सांगितले पाहिजे. मुंबईच्या परिसरात हा फरक जवळजवळ नगण्य असल्यामुळे त्याची बेरीज-वजाबाकी विसरली तरी काही बिघडत नाही. परंतु उड्डाण शिकण्यासाठी परदेशी जाणारे विद्यार्थी अमेरिकेच्या सिअॅटल शहराकडे गेले, तर तेथे तो सुमारे पंधरा अंश आणि न्यूझीलंडच्या ऑकलंडकडे सुमारे वीस अंश असतो. मायदेशात अंगवळणी पडलेली बेफिकिरी तेथे महागात पडते.

आता रेडिओच्या साहाय्याने वाट काढण्याकडे वळावयाचे. जमिनीवरील व्हीओआर नावाचे केंद्र भोवताली अशा लहरी सोडते, की त्यांतून गाडीच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे ३६० वाटा निघाल्या आहेत असे समजावे. कोणत्या आऱ्यावरून जावयाचे ते वैमानिक बटण फिरवून ठरवितो आणि आरा डावीकडे आहे की उजवीकडे, हे काटा दाखवितो. येथे पहिली चूक वारंवारतेची. या केंद्रांसाठी १०८ ते ११८ मेगाहर्ट्झ यांच्या दरम्यानचा पट्टा राखलेला असून एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर दुसऱ्याच केंद्राची वाट धरली जाण्याचा संभव असतो. हल्लीच्या रेडिओत दोन खिडक्या असतात. फिरविलेला आकडा प्रथम राखीव खिडकीत उमटतो आणि एक कळ दाबल्यावर तो चालू खिडकीत येतो. कळ दाबावयाची राहिली, तर नवा आकडा डोळ्यांसमोर झळकत राहतो आणि काटा जुन्याच केंद्राची चाकरी करीत राहतो.

यावरचा उपाय श्रोत्यांना परिचयाचा आहे. घरातील रेडिओ लावला असता आकड्यावरून केंद्र ओळखण्यापेक्षा निवेदकाने केंद्राचे नाव उच्चारल्यावर अधिक खात्री पटते. तशीच सोय येथेही आहे. प्रत्येक व्हीओआर केंद्र मोर्सच्या कडकट्टात आपली दोन-तीन अक्षरे पुन्हा पुन्हा सांगत असते. आवाज वाढवून ती ऐकावी आणि नकाशावर छापलेल्या ठिपक्या-रेघांशी ताडून पाहावी, एवढेच करावयाचे. केंद्राची दुरुस्ती चालू असेल, तर लहरी चालू राहूनही ही ओळख बंद ठेवलेली असते. म्हणजे ओळख ऐकू न येणे हीदेखील एक सूचनाच. कित्येक वैमानिक हा आवाज कानाला त्रासदायक म्हणून दाबून ठेवतात. ही सवय बरी नव्हे.

दुसरी चूक उलट्या आऱ्याची. केंद्राकडे जावयाचे असता नेमका विरुद्ध अंश जुळविला, तर काटा उलटे बोलू लागतो: वाट उजवीकडे असता डावीकडे दाखवितो, आणि त्याचे ऐकावे तितके विमान वाटेपासून दूर जाते. काट्याजवळ केंद्राकडे की केंद्रापासून हे सांगणारी छोटी खूण असते. तिच्याकडे आधी पाहावे आणि काट्याकडे मागाहून. पुढचे आणि मागचे यांतील घोटाळ्याने काय होऊ शकते, याची एक करुण साक्ष लीबियाच्या वाळवंटात मिळाली. ४ एप्रिल १९४३ च्या रात्री नेपल्सवरील मोहिमेहून परतणाऱ्या 'लेडी बी गुड' नावाच्या अमेरिकन बाँबफेकी विमानाने तळाकडून रेडिओवर दिशा मागितली. जुन्या पद्धतीच्या त्या साधनाला विमान समोर आहे की पाठीमागे, हे ओळखता येत नसे. विमान अजून समुद्रावरच आहे असे धरून उत्तर दिले गेले. वस्तुतः ते तळ ओलांडून वाळवंटावर आले होते. ते तसेच आणखी आत गेले. विमानाचे अवशेष १९५८ साली दृष्टीस पडले. नऊ जणांपैकी कोणीही परतला नाही.

जीपीएस आल्यावर हे सारे घोटाळे संपतील, अशी आशा होती. काही संपले खरे. परंतु काहींनी नवे रूप घेतले. या यंत्राला गंतव्य स्थान चार अक्षरांत सांगावयाचे असते. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची, अक्षरे व्ही-ए-ए-यू आणि अहमदाबादची व्ही-ए-ए-एच. शेवटचे एक अक्षर चुकले, की मुंबईहून निघालेल्या विमानाला यंत्र अत्यंत सुबक रेषा काढून अहमदाबादकडे घेऊन जाईल. येथेही पडताळा घ्यावयाचा तो अक्षरांचा नव्हे, तर अंतराचा आणि दिशेचा. संभाजीनगर मुंबईपासून पूर्वेस सुमारे १५० सागरी मैल. अहमदाबाद उत्तरेस सुमारे २४०. घरी कागदावर मांडलेला हिशेब आणि यंत्राने दाखविलेला आकडा समोरासमोर ठेवले, की लबाडी तत्काळ उघडी पडते. कोलंबियातील काली शहराजवळ २० डिसेंबर १९९५ रोजी अमेरिकन कंपनीच्या बोइंग ७५७ च्या वैमानिकांनी जवळच्या 'रोसो' या केंद्रासाठी एकच अक्षर यंत्राला दिले. यंत्राने त्या अक्षराचे पहिले नाव म्हणून दूर बोगोटाजवळचे 'रोमिओ' हे केंद्र पुढे केले आणि ते स्वीकारले गेले. रात्रीच्या अंधारात विमान डावीकडे डोंगरांत वळले. १६३ पैकी चौघेच वाचले.

लहान विमानांत आणखी एक फसवी गोष्ट आहे: काटा एक आणि धनी दोन. तोच काटा कधी जीपीएसच्या सांगण्याने चालतो, तर कधी जमिनीवरच्या रेडिओकेंद्राच्या सांगण्याने. आणि सध्या तो कोणाचा, हे केवळ यंत्राच्या कोपऱ्यातील बारीक अक्षरांवरून कळते. ढगांतून धावपट्टीकडे उतरताना पट्टीच्या रेडिओझोताची वारंवारता लावली, ओळख ऐकली, सर्व काही यथासांग केले. परंतु काटा जीपीएसकडून काढून रेडिओकडे द्यावयाची कळ राहून गेली, तर तो अगदी मध्यभागी दिसूनही पट्टीविषयी काहीच सांगत नसतो. याच जातीची, पण चाल निवडण्याची चूक १ सप्टेंबर १९८३ च्या कोरियन विमानाच्या बाबतीत झाली, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या चौकशीत निष्पन्न झाले. स्वयंचलित सुकाणू एकच दिशा धरण्याच्या चालीवर राहिले, विमान वाटेपासून शेकडो मैल दूर सोव्हिएत हद्दीत गेले, आणि ते पाडले जाऊन २६९ जण मृत्युमुखी पडले.

उच्चतामापकाबद्दल थोडक्यात सांगावयाचे ते असे. तो वस्तुतः हवेचा दाब मोजतो आणि उंची सांगण्याचे केवळ निमित्त करतो. एक हेक्टोपास्कलची चूक म्हणजे सुमारे अठ्ठावीस ते तीस फुटांची चूक. जानेवारीतील दाब लावून जुलैत कोकणावरून उडणाऱ्याचे विमान काट्यापेक्षा दोनतीनशे फूट खाली असू शकते, आणि सह्याद्रीचे कडे ढगांत असता हे अंतर काही थोडेथोडके नव्हे. अमेरिकेत दाब इंचांत सांगतात, भारतात हेक्टोपास्कलमध्ये. नियंत्रकाने सांगितलेले नऊ-नऊ-शून्य एखाद्याने सवयीने २९.९० इंच असे लावले, तर सहाशे फुटांहून अधिक फरक पडतो. म्हणून आकडा ऐकला, की त्याचा मोठ्याने पुनरुच्चार करावयाचा आणि नियंत्रकाने तो दुरुस्त करावयाचा, हा जगभरचा शिरस्ता आहे.

या सर्व उपायांत बुद्धीला फार ताण देणारे असे काही नाही. अडचण असते ती घाईची. बहुतेक चुकीच्या जुळण्या इंजिन सुरू झाल्यावर, नियंत्रकाशी बोलता बोलता, शेजारचा मित्र काही विचारीत असता होतात. जाणते शिक्षक म्हणून सांगतात, की जेवढे जुळवावयाचे तेवढे चाके जमिनीवर असता जुळवावे, आणि हवेत बदल करावयाचा झाल्यास एका वेळी एकच करावा, आणि त्याच्या परिणामाची थोडी वाट पाहावी: काटा अपेक्षेप्रमाणे हलला का, केंद्राचे नाव ऐकू आले का. लहान विमानाचा वेग बेताचा असतो हा त्याचा एक मोठा गुण आहे. अर्धा मिनिट थांबले तरी ते मैलभरही पुढे जात नाही.

इतके करूनही दोन साक्षी जुळेनात, तर जो काटा आपल्या मनासारखे बोलतो त्याच्यावर भरवसा ठेवून पुढे जाणे सर्वांत धोक्याचे. खाली ओळखीचे एखादे ठिकाण दिसत असेल, तर त्याच्याभोवती घिरट्या घालाव्या. हवामान निवळ असल्यास थोडे वर चढावे, म्हणजे नजर आणि रेडिओ दोन्ही दूरवर पोचतात. मग घड्याळाप्रमाणे किती मिनिटे कोणत्या दिशेने आलो, ते कागदावर मांडावे आणि नियंत्रकास सरळ सांगावे, की स्थान निश्चित नाही. कोणत्या केंद्राशी बोलावे हेच ठाऊक नसेल, तर १२१.५ मेगाहर्ट्झ ही संकटकाळची वारंवारता सर्व देशांत याच कामासाठी राखून ठेवलेली आहे. टाकीत दोन तासांचे तेल असता ही विचारणा केली, तर नियंत्रक रडारवर विमान हुडकून त्याला दिशा देऊ शकतो. संकोचापायी शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत ती लांबविली, तर त्याच्या हाती फारसे काही उरत नाही.